पोस्टरवरचा मिस्त्री

शहरात तीनशे ठिकाणी मिस्त्रीचा चेहरा लावलेला होता, आणि त्यातला एकही त्याला चुकवता येत नव्हता. बसथांब्यावर तो होता, सरकारी दवाखान्याच्या जिन्यात होता, दोन सार्वजनिक मुताऱ्यांच्या भिंतींवरही होता. फोटोत त्यानं निळा कोट घातला होता. कोट व्यसनमुक्ती केंद्राच्या डॉक्टरांचा. डॉक्टर अंगानं त्याच्या दुप्पट, म्हणून कोट पाठीमागून कपड्याच्या चिमट्यांनी आवळलेला. समोरून पाहणाऱ्याला चिमटे दिसत नसत. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘मी सुटलो. तुम्हीही सुटाल.’ त्याच्याखाली केंद्राचा फोन नंबर होता, जो सहसा कुणी उचलत नसे.

आणि हा सुटलेला माणूस गेले सहा आठवडे रोज गोळ्या खात होता.

गोळ्या तो कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून घ्यायचा. त्या दुकानाची दर्शनी काच त्यानंच बसवलेली होती, कारण मिस्त्री म्हणजे काचमिस्त्री. काचेवर आतून त्याचं पोस्टर चिकटवलं होतं. त्या पोस्टरच्या मागे उभा राहून दुकानदार डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय त्याला पाकीट काढून द्यायचा आणि वर म्हणायचा, “तुम्ही आहात म्हणून देतो हं मिस्त्री. दुसऱ्या कुणाला मी दारात उभं करत नाही.” चांगलं नाव कमावल्याचा असाही उपयोग होतो.

आता हा माणूस ढोंगी होता असं कुणी समजू नये. चार वर्षांपूर्वी तो खरोखर सुटला होता. त्याच्याही आधी, तरुणपणी, सहा फुटी काच जिन्यावरून चढवताना त्याचा खांदा निखळला. ठेकेदारानं दुखण्यावर गोळ्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी कामाला लावलं. गोळ्यांनी खांदा गप्प बसला. पुढे गोळ्या पुरेनात, तेव्हा त्याच ठेकेदाराच्या एका माणसानं नशेची पूड दिली. पुडीनं सगळंच गप्प बसलं. धंदा बसला, माणसं येईनाशी झाली, आणि एक दिवस मिस्त्रीनं स्वतःची हिरकणी विकली. हिरकणी म्हणजे काच कापायची कलम. काचेवर तिची रेघ एकदाच मारायची असते, दुसऱ्यांदा फिरवली की काच हवी तशी फुटत नाही आणि कलमही जाते. एवढी जपायची वस्तू त्यानं दोन दिवसांच्या नशेसाठी दिली. बायको एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायची. तिनं अकरा दिवस सकाळी कामावर खाडा करून केंद्राच्या दारात उभं राहून त्याच्यासाठी बेड मिळवला. अठ्ठावीस दिवसांनी तो बाहेर आला, आणि बाहेरच राहिला. हे खरं होतं, ते कष्टानं मिळवलेलं होतं, आणि त्यावर हसायचं काही कारण नाही.

हसायचं कारण पुढे सुरू होतं. केंद्राला असा माणूस हवाच होता. केंद्राच्या हॉलमध्ये एक फळा होता. त्यावर सुटलेल्यांची यादी आणि प्रत्येकापुढे त्याचे दिवस. शिपाई रोज सकाळी येऊन ओला बोळा फिरवायचा आणि प्रत्येकाचा आकडा एकानं वाढवायचा. बाकीच्यांचे आकडे मधेच पुसले जायचे, खाली यायचे, काही कायमचे जायचे. मिस्त्रीचा आकडा मात्र वर वर चढत राहिला. मग त्याला भाषणाला उभं करू लागले, मग पोस्टर झालं, मग तो त्याच्या भागाचा ‘सोबती’ झाला.

सोबती हे केंद्रातलं मानाचं पद. बेड तीस आणि मागणारे हजार. पूर्वी ओळखीपाळखीवर बेड जायचे, म्हणून केंद्राच्या सरांनी नियम केला होता: प्रत्येक भागाचा एक सोबती असेल, तो स्वतः व्यसनातून सुटलेला असेल, तो पेशंटला तीनदा भेटेल आणि मगच पिवळ्या फॉर्मवर सही करेल. सोबत्याची सही नसेल तर प्रत्यक्ष मंत्र्याच्या मेव्हण्यालाही बेड नाही. नियम चांगला होता. मिस्त्रीनं तो तीन वर्षं इमानानं पाळला. तीन भेटींत माणसाची तळमळ जोखायची, सही करायची, आणि सांगायचं, “थांब. नंबर येईल. दम धर.” नंबर यायला दहा-बारा आठवडे लागायचे.

तोवर काय करायचं, असं कुणी विचारलंच, तर त्याच्याकडे उत्तर तयार असायचं. खरं तर सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला अकरा नंबरची एक खिडकी होती. तिथं रोज सकाळी जिभेखाली ठेवायची औषधाची गोळी मिळायची. त्या गोळीनं अंगाची तडफड थांबते, माणूस कामाला जाऊ शकतो. बेड नको, सही नको, दम धरणं नको. पण केंद्रात त्या खिडकीचं नाव काढलं की लोक नाक मुरडायचे. नशा सोडायला पुन्हा गोळीच? मिस्त्रीचं यावरचं वाक्य तर गाजलेलं होतं. भाषणात तो थोडा थांबायचा, हॉलभर नजर फिरवायचा आणि म्हणायचा, “खिडकीची गोळी म्हणजे कुबडी. कुबडी घेऊन चालण्याला मी चालणं म्हणत नाही.” इथं टाळ्या ठरलेल्या असत.

असा सगळा थाट चाललेला असताना मिस्त्रीची दाढ दुखायला लागली.

दाढ किडून मुळापर्यंत गेली होती. ती काढताना दातांच्या डॉक्टरला घाम फुटला, मिस्त्रीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तोंडात कापूस कोंबलेला असताना डॉक्टरनं त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाला, “अहो, तुम्ही पोस्टरवरचे ना? कमाल आहे तुमची! माझ्या मुलाला मी तुमचं उदाहरण देतो.” मग त्यानं चिठ्ठी लिहायला घेतली. औषधाचं नाव मिस्त्रीनं उलट्या बाजूनंही ओळखलं. याच गोळ्यांनी त्याचा खांदा गप्प केला होता. त्याला सांगायचं होतं की डॉक्टर, ही नको, मला ही चालत नाही. पण तोंडात कापूस होता. आणि खरं सांगायचं तर कापूस काढून बोलता आलं असतं. त्यानं नुसती मान हलवली.

“साध्या गोळीनं हे दुखणं थांबायचं नाही,” डॉक्टर म्हणाला. “आणि तुमच्यासारख्या निश्चयी माणसाला कसली आलीय भीती?”

निश्चयी माणसानं दहा गोळ्या अडीच दिवसांत संपवल्या. दाढ दुखायची थांबली होती. अकराव्या गोळीसाठी तो कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. पुढचं वर आलंच आहे.

केंद्रातल्या फळ्यावर त्याचा आकडा रोज वाढत होता. शिपाई बिचारा काय करणार, त्याला सवय झाली होती.

सहाव्या आठवड्यात मिस्त्रीला आपली लक्षणं स्पष्ट दिसू लागली. दुसऱ्यांची ओळखण्यात तो तरबेज होता, स्वतःची न ओळखायला तो काही अडाणी नव्हता. गोळ्या पुरेनात. सकाळी नाक वाहायचं, पोटऱ्या पिळवटायच्या. एका दुकानाच्या शोकेसची काच कापताना रेघ वाकडी गेली आणि नवी कोरी काच मधोमध तडकली. आता पुढची पायरी पूड. आणि पुडीबद्दल तोच भाषणात सांगायचा, की सुटलेल्या माणसानं पुन्हा जुन्या मापानं घेतली तर तो उठत नाही, कारण डोक्याला जुनं माप आठवतं, शरीर ते विसरलेलं असतं. यालाही टाळ्या पडत. मिस्त्रीला मरायचं नव्हतं. पूड हातात यायच्या आत बेड मिळवायचा, एवढंच त्यानं ठरवलं आणि गुरुवारी सकाळी तो केंद्रात गेला.

नोंदणीच्या बाईंनी त्याला पाहून खुर्ची पुढे सरकवली.

“या मिस्त्री. पेशंट कुठंय?”

“मीच आहे.”

बाई हसल्या. मिस्त्री हसला नाही, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

“म्हणजे… तुम्ही?”

“मी. दाढेचं निमित्त झालं.”

बाई मनानं वाईट नव्हत्या. त्यांचे डोळे भरून आले. पण हात मात्र सवयीनं खणात गेला आणि पिवळा फॉर्म बाहेर आला. त्यांनी नाव लिहिलं, वय लिहिलं, पत्ता लिहिला, आणि मग पेन थांबलं.

“तुमच्या भागाचे सोबती कोण?”

“मीच की.”

“अगंबाई.”

दोघंही फॉर्मकडे बघत बसले. बाईंनी नियमांची वही काढली, पानं उलटली. दुसऱ्या भागाच्या सोबत्याची सही चालत नव्हती, कारण पूर्वी त्यातून घोटाळे झाले होते. हा नियम करावा असं सुचवणारा मिस्त्रीच होता.

“मग तुम्हीच करून टाका सही,” बाई हळूच म्हणाल्या. “पण तीन भेटींचा तपशील भरावा लागेल हं. तारखा आणि शेरा.”

लोकांना हे खोटं वाटेल, पण मिस्त्रीनं त्या तीन भेटी घेतल्या. तीन वर्षांत एकदाही न भेटता त्यानं कुणाचा फॉर्म भरला नव्हता, आता स्वतःसाठी कसा भरेल? त्याच्या काचेच्या कारखान्यात कुणाच्या तरी कपाटासाठी कापलेला पुरुषभर आरसा भिंतीला टेकवून ठेवला होता. तीन दिवस तो जेवणाच्या सुट्टीत त्या आरशासमोर स्टूल घेऊन बसला. पहिल्या दिवशी त्यानं समोरच्या माणसाला विचारलं, किती घेतोस? समोरच्यानं दोन गोळ्या कमी सांगितल्या. ती लबाडी त्याला लगेच कळली. दुसऱ्या दिवशी विचारलं, घरी माहीत आहे का? समोरच्यानं मान खाली घातली. तिसऱ्या दिवशी दोघंही फारसं बोलले नाहीत. शेऱ्याच्या रकान्यात त्यानं लिहिलं, ‘पेशंट खोटं बोलतो, पण घाबरलेला आहे. बेड लवकर द्यावा.’ आणि सही केली.

फॉर्म दुसऱ्या दिवशी परत आला. पेशंट आणि सोबती यांचा पत्ता एकच असल्यामुळे कॉम्प्युटरनं तो घेतला नाही.

मग तो सरांकडे गेला. सरांनी दार लावून घेतलं आणि त्याला पाणी दिलं. हा माणूस वीस वर्षं तुटपुंज्या पैशांत, गळक्या छपराखाली केंद्र चालवत होता. त्याला नालायक ठरवून मोकळं होता येत नाही, हीच पंचाईत.

“पुढच्या महिन्यात मदत देणाऱ्यांची पाहणी आहे,” सर म्हणाले. “तीनशे पोस्टरं लागलीत, मिस्त्री. तीस बेड त्या पोस्टरांवर उभे आहेत. तुम्ही आत पेशंटच्या कपड्यांत दिसलात तर…”

“तर काय करू?”

“सोबतीपदाचा राजीनामा द्या. समिती नवा सोबती नेमेल, तो तुमच्या तीन भेटी घेईल.”

“समिती कधी बसते?”

“तीन महिन्यांनी.” सरांना स्वतःलाच ते ऐकवेना. “नाहीतर असं करा, दोन तासांवरच्या गावात आपल्यासारखंच केंद्र आहे. तिथं तुम्हाला कुणी ओळखत नाही. मी फोन करून ठेवतो.”

सरांनी खरंच फोन केला. मात्र अडचणीची गोष्ट फोनवर उघड कशी बोलायची, म्हणून ते एवढंच म्हणाले की आमचे मिस्त्री येताहेत, त्यांची नीट व्यवस्था ठेवा. मिस्त्री बसमधून उतरून तिथं पोचला तेव्हा दारात चारजण पुष्पगुच्छ घेऊन उभे होते. आत चाळीस पेशंट सतरंजीवर बसवलेले होते. भिंतीवर पोस्टर होतं.

“आमच्या लोकांना चार शब्द सांगा,” तिथले प्रमुख हात जोडून म्हणाले. “तुमचीच वाट बघताहेत.”

त्या क्षणी त्याला खरं सांगता आलं असतं. पण चाळीस चेहरे वर करून बघत होते. पुढच्याच रांगेत एक पोरगेलासा माणूस अंगाला घोंगडी गुंडाळून कुडकुडत होता आणि तोही आशेनं बघत होता. मिस्त्री उभा राहिला. खिशात गोळ्यांचं पाकीट होतं, ते मांडीला टोचत होतं. तो बोलला, आणि सगळ्यांनी कबूल केलं की इतकं चांगलं तो कधीच बोलला नव्हता. माणूस कसा पडतो, कसा एकटा पडतो, आणि सगळ्यांसमोर उभा असताना सगळ्यांत जास्त एकटा कसा असतो, हे त्यानं सांगितलं. दोनजण रडले. कुडकुडणारा माणूस उठून त्याच्या पाया पडायला आला. मिस्त्रीनं मात्र भाषणात कुबडीचं वाक्य गाळलं होतं, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं.

प्रमुखांनी त्याला स्वतःच्या गाडीनं बसस्थानकावर सोडलं. बसला अर्धा तास होता. स्थानकामागच्या गल्लीत, हातात पुष्पगुच्छ घेऊन, मिस्त्रीनं चार वर्षांनी पहिली पुडी विकत घेतली.

ती त्यानं तिथं फोडली नाही, घरी आणली. पुडी पुट्टीच्या डब्यात, पुट्टीच्या गोळ्याखाली दाबून ठेवली. काचेच्या कडा बसवायची ती तेलकट लगद्याची पुट्टी, तिच्याकडे बायको कशाला बघेल?

बायको बघत नव्हती. पण मोरीच्या खिडकीची काच महिनाभर खडखडत होती. काचमिस्त्रीच्या घरची काच कधीच नीट बसलेली नसते, हे ती बावीस वर्षं ऐकवत आली होती. त्या रविवारी तिनं स्वतःच डबा उघडून बोट घातलं.

मिस्त्री बाहेरून आला तेव्हा ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. पुडी ओट्यावर होती, न फोडलेली. तिच्या बोटांना पुट्टी लागली होती.

“घेतलीत?”

“नाही.”

“कधी घेणार होतात?”

मग सगळंच बाहेर आलं, दाढ, दुकान, पिवळा फॉर्म, पुष्पगुच्छ. फॉर्मवर स्वतःच सही केल्याचं ऐकताना तिला हसू आलं आणि हसता हसता ती रडायला लागली. डोळे पुसायला हात वर नेला तर पुट्टी गालाला लागली.

“अहो, ती अकरा नंबरची खिडकी आहे ना?” ती म्हणाली. “आमच्या लॉन्ड्रीतली एकजण तिच्या नवऱ्याला घेऊन जाते. तो आता कामाला जातो.”

“खिडकी?” मिस्त्री एकदम ताठ झाला. “मी? अगं, मी त्या खिडकीविरुद्ध तीन वर्षं बोललोय. लोक काय म्हणतील? पोस्टरवरचा माणूस कुबडी घ्यायला रांगेत उभा?”

“कुबडी?” तिनं ओट्यावरचा त्याचा वाचायचा चष्मा उचलून त्याच्यासमोर धरला. “मग हे काय आहे? काढून टाका ना, आणि बसा दम धरून. दिसेल आपोआप.”

मिस्त्रीनं चष्मा तिच्या हातातून घेतला आणि खिशात ठेवला.

“मी अकरा दिवस त्या केंद्राच्या दारात उभी होते,” ती म्हणाली. “तेव्हा लोक काय म्हणतील असं माझ्या मनातही आलं नाही. मला तुम्ही पोस्टरवर नको आहात. मला तुम्ही घरात हवे आहात, जिवंत.” तिनं पुडी उचलली, मोरीत रिकामी केली आणि वरून दोन बादल्या पाणी ओतलं. मग हात धुऊन ती म्हणाली, “खिडकी उद्या नऊला उघडते. गोळ्या आजपासून बंद.”

सोमवारी पावणेनऊलाच तो तिथं होता. डोक्यावर टोपी ओढून घेतली होती. आदल्या दुपारपासून गोळी नव्हती, अंगाला काटा येत होता आणि कपाळावर घाम. खिडकीच्या रांगेत झिंगलेली, पडलेली माणसं असतील अशी त्याची समजूत होती, कारण भाषणात तो तसंच सांगायचा. रांगेत डबा घेतलेली एक बाई होती, टाय लावलेला एक कारकून होता, गणवेशातला एक बसचालक घड्याळ बघत होता. सगळ्यांना कामावर जायचं होतं. कामाची इतकी घाई त्यानं केंद्रातल्या कुणालाच असलेली पाहिली नव्हती.

पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या मानेवर पिठाची पांढरी रेघ होती. तो वळला, त्यानं टोपीखाली वाकून बघितलं, आणि त्याचं तोंड उतरलं.

“मिस्त्री? इथं आता भाषण आहे का?” तो म्हणाला. “सांगा काय सांगायचं ते. पण मला साडेनऊला बेकरी उघडायचीय.”

मिस्त्रीला तो ओळखू आला. बेकरीत काम करणारे दोघे भाऊ तीन वर्षांपूर्वी त्याच्याकडे आले होते. नवा नवा सोबती झाला होता तो. दोघांच्या तीन-तीन भेटी त्यानं मन लावून घेतल्या, दोन पिवळे फॉर्म भरले, आणि खिडकीकडे फिरकायचं नाही असं दोघांनाही बजावलं. धाकटा, म्हणजे हाच, नंतर परत आलाच नाही. तो खिडकीवाला झाला असं कळल्यावर मिस्त्रीनं त्याचा फॉर्म रागानं फाडला होता.

“भाषण नाही,” मिस्त्री म्हणाला. “रांगेत आहे.”

बेकरीवाल्यानं त्याच्या कपाळावरच्या घामाकडे बघितलं. बाजूला होऊन म्हणाला, “मग माझ्या पुढं व्हा. पहिल्या दिवशी उभं राहवत नाही.”

मिस्त्री पुढे झाला. रांग दोन माणसं सरकली. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यानं विचारलं, “आणि थोरला? तो कसा आहे? अकराव्या आठवड्यात त्याचा नंबर आला होता. मी दोनदा फोन केला, कुणी उचलला नाही.”

तेव्हा मिस्त्रीनं फॉर्मवर लाल शाईनं शेरा लिहिला होता, ‘पेशंट इच्छुक नाही’, आणि बेड पुढच्याला दिला होता. तेही नियमाप्रमाणेच.

“दादा दहाव्या आठवड्यात गेला,” बेकरीवाला म्हणाला. आवाजात राग नव्हता, तो तीन वर्षांत संपला असावा. “मी त्याला रोज म्हणायचो, चल माझ्याबरोबर. तो म्हणायचा, नको, मिस्त्रींनी थांब म्हणून सांगितलंय. मी तुमचं ऐकलं नाही. दादानं ऐकलं.”

खिडकीतून सिस्टरनं हाक मारली, “पुढचा.”

तिनं नाव विचारलं, शेवटची गोळी कधी घेतली ते विचारलं, नाडी बघितली. पोस्टरचा माणूस म्हणून तिनं ओळखलं की नाही कुणास ठाऊक, तिच्यामागेही पोस्टर होतंच. लहानशी पांढरी गोळी तिनं त्याच्या जिभेखाली ठेवली आणि बाकाकडे बोट दाखवलं.

“विरघळेपर्यंत तिथं बसायचं. दहा मिनिटं. गिळायची नाही, आणि बोलायचं अजिबात नाही.”

मिस्त्री बाकावर बसला. पाठोपाठ बेकरीवाला आपली गोळी घेऊन आला आणि शेजारी बसला. मिस्त्रीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला ते पुसावंसं वाटत नव्हतं. त्याला त्या माणसाला खूप काही सांगायचं होतं. तीन वर्षं त्याच्याजवळ प्रत्येक गोष्टीला वाक्य होतं. आज जिभेखाली गोळी होती, आणि तोंड उघडलं असतं तर ती वाया गेली असती. त्यानं हात पुढे केला. बेकरीवाल्यानं तो बघितला, क्षणभर तसाच राहू दिला, मग आपल्या पिठाळ हातानं धरला.

बेकरीवाल्याची गोळी आधी विरघळली. त्यानं हात सोडवून घेतला, घड्याळ बघितलं आणि उठला.

“उद्या साडेआठला या,” तो म्हणाला. “तोवर रांग लागलेली नसते.”

मिस्त्रीनं मान हलवली. त्याची अजून चार मिनिटं बाकी होती.